महाराष्ट्रातील प्रायोगिक आणि भूमिगत संगीत

महाराष्ट्रातील प्रायोगिक आणि भूमिगत संगीत ही संज्ञा चित्रपटसंगीत, भावगीत, नाट्यसंगीत आणि शास्त्रीय मैफल या रुळलेल्या वाटांबाहेर वाढलेल्या संगीतासाठी वापरली जाते. त्यात रॉक, जॅझ, मेटल, इलेक्ट्रॉनिक संगीत, रॅप आणि या प्रकारांची देशी संगीताशी झालेली मिश्रणे यांचा समावेश होतो. मुंबई आणि पुणे ही त्याची मुख्य केंद्रे आहेत. आकाशवाणी, दूरदर्शन व चित्रपट या मोठ्या माध्यमांत या संगीताला फारसे स्थान मिळाले नाही. त्यामुळे ते श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते प्रामुख्याने दोन मार्गांनी: मोजक्या प्रतींच्या ध्वनिमुद्रिका आणि खुल्या रंगमंचांवरील महोत्सव.

संज्ञा

'प्रायोगिक' हा शब्द मराठीत आधी रंगभूमीमुळे रुळला. 'प्रायोगिक नाटक' म्हटले की व्यावसायिक गणित बाजूला ठेवून केलेले नाटक, हा अर्थ वाचकाला लगेच कळतो. संगीताच्या बाबतीत मात्र सीमारेषा तितकी स्पष्ट नाही. सतारीवर नवा राग बांधणारा वादक स्वतःला प्रायोगिक म्हणवून घेईलच असे नाही, आणि गणपतीच्या मिरवणुकीत बुलबुलतरंगाला पिकअप लावून तो लाउडस्पीकरवर वाजवणाऱ्या बेंजो पार्टीला तर हे विशेषण कुणीच लावत नाही. वाद्यात स्वतःच्या हाताने केलेले बदल, ऑक्टोपॅड आणि ढोल-ताशा यांची सरमिसळ, चित्रपटगीतांची मोडतोड या सर्व गोष्टी तेथेही आढळतात. संज्ञेचा वापर गुणांपेक्षा वर्गावर अधिक ठरतो, असे म्हणण्यास जागा आहे.

'भूमिगत' या शब्दाला मराठीत १९४२ च्या चळवळीचा आणि पत्री सरकारचा संदर्भ आहे. संगीतात तो लपून राहणे या अर्थाने नव्हे, तर प्रस्थापित वितरणव्यवस्थेबाहेर असणे या अर्थाने वापरतात.

पूर्वपीठिका

मुंबईत पाश्चात्त्य धर्तीच्या संगीताचा पाया गोव्यातून आलेल्या वादकांनी घातला. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेले हे वादक १९३० च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलसारख्या ठिकाणी जॅझ वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदाची घडण बव्हंशी त्यांचीच आहे, परंतु श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली. पत्रकार नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात या कालखंडाचा सविस्तर इतिहास आला आहे.

या पिढीतील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे माजोर्डा गावचे. चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक आणि संयोजक म्हणून काम करत असताना त्यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर महाविद्यालयाच्या आवारात सुमारे शंभर वादकांच्या वाद्यवृंदाची मैफल घडवली. हिंदुस्तानी रागांवर आधारित रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेणे हा तिचा हेतू होता. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे तिचे एकल गायक होते. असे कार्यक्रम चालवण्यासाठी लागणारा पैसा उभा राहिला नाही आणि तो प्रयोग पुढे रुजला नाही. गोन्साल्विस यांचे नाव सामान्य श्रोत्यांच्या कानावर आहे ते 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यामुळे. त्यांचे शिष्य असलेले संगीतकार प्यारेलाल यांनी गुरूला त्या गाण्यातून मानवंदना दिली होती.

मुंबईत जन्मलेले, गोमंतकीय कुटुंबातील गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा (१९३६–१९९६) १९६० च्या दशकात लंडनला गेले. तेथे १९६९ मध्ये त्यांचा 'इंटिग्रेशन' आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबतचा 'हम दोनो' हे अल्बम प्रसिद्ध झाले. त्यांच्या गिटारवादनात जॅझच्या स्वरसंगतीबरोबर सतारीसारखी खेच ऐकू येते. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ध्वनिमुद्रित झालेला त्यांचा 'कोंकण डान्स' हा अल्बम मात्र त्यांच्या हयातीत निघाला नाही. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

शेजारच्या गुजरातेत, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर असलेला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. तेथील ध्वनिफिती अनेक दशके संस्थेच्या संग्रहात पडून होत्या आणि २०२३ मध्ये अल्बमरूपाने बाहेर आल्या. मुंबईतील वादकांना या स्टुडिओचा प्रत्यक्ष उपयोग झाल्याचे दिसत नाही. तरीही भारतात सिंथेसायझरचा इतिहास डिस्कोपासून सुरू होतो हा समज त्यामुळे खोडला गेला.

बीट स्पर्धा आणि मळवली

१९६० च्या दशकात बीटल्सच्या प्रभावाखाली मुंबईत महाविद्यालयीन तरुणांचे 'बीट ग्रुप' निघाले. द जेट्स, द सॅव्हेजेस, द मिस्टिक्स ही त्यांपैकी काही नावे. विद्युत गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर आयात करणे जवळजवळ अशक्य असल्याने अनेकांनी ते स्थानिक कारागिरांकडून बनवून घेतले. या गटांना ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली ती सिगारेटच्या जाहिरातीमुळे. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या 'सिमला' या सिगारेटच्या प्रचारासाठी 'सिमला बीट' ही देशव्यापी स्पर्धा भरवली. तिच्यातील गटांच्या रचनांच्या 'सिमला बीट ७०' आणि 'सिमला बीट ७१' या दोन तबकड्या निघाल्या. परदेशी गाण्यांच्या नकलेपेक्षा स्वतःच्या रचना वाजवणाऱ्या भारतीय गटांचा हा सुरुवातीचा मुद्रित पुरावा असल्याने संग्राहकांत या तबकड्यांना आज मोठी मागणी आहे.

१९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातील मळवली येथे 'स्नेहयात्रा' हा खुल्या माळावरील रॉक महोत्सव झाला. लोणावळ्यापुढचे मळवली हे स्थानक एरवी कार्ले आणि भाजे येथील लेण्यांसाठी ओळखले जाते. अमेरिकेतील वुडस्टॉकच्या धर्तीवरील हा भारतातील पहिल्या महोत्सवांपैकी एक मानला जातो. या कालखंडाचे वर्णन सिद्धार्थ भाटिया यांच्या 'इंडिया सायकेडेलिक' या पुस्तकात आहे.

मुंबईतील अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या गटाची 'ऑब्सेशन' ही तबकडी त्या काळात फारशी कुणाच्या हाती लागली नाही. २०११ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने तिचे पुनर्मुद्रण केले आणि हा गट विसर्जित होऊन कित्येक वर्षे उलटल्यावर त्याला परदेशात श्रोते मिळाले. ही घटना अपवादात्मक नाही, हे पुढे येईलच.

मराठी रंगभूमीवरील प्रयोग

रॉक आणि जॅझ ही इंग्रजी बोलणाऱ्या मुंबईकरांची मिरासदारी होती, असे सरसकट म्हटले जाते. १९७० च्या दशकातील मराठी रंगभूमी पाहता हे विधान अपुरे ठरते.

विजय तेंडुलकर यांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाटकाला भास्कर चंदावरकर यांनी संगीत दिले. पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकलेल्या आणि पुण्याच्या चित्रपट संस्थेत अध्यापन करणाऱ्या चंदावरकरांनी कीर्तन, अभंग, लावणी आणि समूहगान यांची अशी जुळणी केली की मंचावर उभी असलेली माणसांची भिंत हेच नाटकाचे मुख्य वाद्य बनले. सतीश आळेकर यांच्या 'महानिर्वाण' (१९७४) मध्ये मृत मनुष्य स्वतःच कीर्तन करतो. त्या नाटकाच्या चाली आनंद मोडक यांच्या होत्या.

या प्रवाहाची रॉकशी थेट गाठ पडली ती 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) या नाटकात. बर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ च्या संगीतिकेचे हे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर थिएटर अकॅडमीने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे होते. तमाशा, नाट्यसंगीत आणि पाश्चात्त्य रॉक हे तीन बाज त्यात शेजारीशेजारी ठेवले होते आणि संगीतात आनंद मोडक यांच्याबरोबर नंदू भेंडे यांचा वाटा होता. ज्येष्ठ रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे पुत्र असलेले नंदू भेंडे मुंबईच्या रॉक गटांचे गायक म्हणून आधीपासून परिचित होते. अलेक पदमसी यांच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' (१९७४) या इंग्रजी संगीतिकेत त्यांनी जुडासची भूमिका केली होती. ढोलकी आणि विद्युत गिटार यांना एकाच प्रयोगात बसवण्याचे काम पुढे अनेकांनी केले. ते मराठी प्रेक्षकांसमोर, मराठी शब्दांत आणि नाटकाची गरज म्हणून प्रथम येथे झाले, हे या नाटकाचे महत्त्व होय. भेंडे यांचे २०१४ मध्ये निधन झाले.

रंगभवन

दक्षिण मुंबईत धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर महाविद्यालयाच्या परिसरात असलेले रंगभवन हे खुले नाट्यगृह जवळजवळ पंचवीस वर्षे या संगीताचे माहेरघर होते. वर आभाळ, समोर उतरत्या रांगा आणि चालत जाण्याच्या अंतरावर चर्चगेट, मरीन लाइन्स व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही स्थानके असल्यामुळे उपनगरांतील विद्यार्थ्यांना शेवटची लोकल गाठणे शक्य असे. महोत्सवाच्या यशात वाद्यांइतकाच लोकलच्या वेळापत्रकाचाही वाटा असतो, ही गोष्ट नंतरच्या आयोजकांना शहराबाहेरची मैदाने घेतल्यावर उमगली.

१९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने 'जॅझ इंडिया' या संस्थेने 'जॅझ यात्रा' हा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स मुंबईत येऊन वाजवून गेले. हा महोत्सव दर दोन वर्षांनी भरत असे. युरोप आणि अमेरिकेतील वादकांबरोबर हिंदुस्तानी व कर्नाटक संगीतातील कलावंतांना एका मंचावर बसवणे, हे त्याचे धोरण होते. लुईझ बँक्स यांच्यासारख्या भारतीय जॅझवादकांना त्यातून परदेशातील महोत्सवांची दारे उघडली. ज्या काळात परदेशी तबकड्या मिळणे दुरापास्त होते, त्या काळात श्रोत्यांच्या दृष्टीने हे दिवस म्हणजे एका बैठकीत वाचलेला ग्रंथसंग्रहच होता.

१९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, म्हणजे ऐन पावसाळ्यात भरणाऱ्या या महोत्सवाला 'आय-रॉक' या नावाने लोक ओळखत. रंगभवनात भिजत उभे राहून ऐकणे हा त्याचा अविभाज्य भाग होता. सुरुवातीच्या वर्षांत गट प्रामुख्याने परदेशी गाणीच वाजवीत आणि स्वतःची रचना सुरू केल्यास प्रेक्षकांतून ओरडा होई. ही रीत मोडणाऱ्यांत १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेला रॉक मशीन हा गट आघाडीवर होता. त्याचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' (१९८८) हा अल्बम मूळ रचनांचा होता. 'द सेकंड कमिंग' (१९९०) नंतर, १९९३ मध्ये गटाने इंडस क्रीड हे नाव घेतले आणि तबला, सारंगी यांसारख्या वाद्यांना आपल्या संगीतात जागा दिली.

रंगभवनातील मोठ्या आवाजाच्या मैफली २००० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडल्या. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रुग्णालय, शैक्षणिक संस्था आणि न्यायालय यांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. अशा क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रंगभवनाच्या आजूबाजूला महाविद्यालय आहे, कामा रुग्णालय आहे, गोकुळदास तेजपाल रुग्णालय आहे आणि न्यायालयही आहे. ५० डेसिबल म्हणजे साधारण दोन माणसांच्या हळू आवाजातील संभाषणाची पातळी; ढोलवादकाने एकदा काठी आपटली तरी ती ओलांडली जाते. नियमाचे प्रयोजन रास्त होते, कारण रुग्णालयातील रुग्णाला रॉक ऐकण्याची सक्ती करता येत नाही. त्याचबरोबर शहराच्या मध्यभागी, माफक भाड्यात मिळणारे, काही हजार माणसांचे दुसरे खुले नाट्यगृह उभारले गेले नाही, हेही खरे. रंगभवनाच्या पुनरुज्जीवनाच्या घोषणा त्यानंतर वेळोवेळी झाल्या आहेत.

याच नियमांचा फटका शास्त्रीय संगीतालाही बसला. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्र रात्र चालणाऱ्या बैठका त्यामुळे इतिहासजमा झाल्या, आणि उत्तररात्रीचे राग खुल्या मैफलीत त्यांच्या वेळी ऐकण्याची सोय उरली नाही. रॉकवाले आणि रागदारीवाले यांची तक्रार एकच असावी, असा हा दुर्मीळ प्रसंग आहे.

आय-रॉक पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानासह इतर ठिकाणी भरू लागला, काही वर्षे बंद पडला आणि २०२२ मध्ये मुंबईत पुन्हा झाला.

चरणजित सिंग यांची तबकडी

महाराष्ट्रात ध्वनिमुद्रित झालेल्या प्रायोगिक संगीतात जगभर सर्वाधिक चर्चा झालेली कृती म्हणजे चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गिटार, बेस आणि कळफलकाची वाद्ये वाजवणारे सिंग राहुलदेव बर्मन यांच्यासह अनेक संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत सहभागी होते. चित्रपटगीतांच्या धून वाद्यांवर वाजवलेल्या त्यांच्या तबकड्याही बाजारात होत्या.

१९८२ मध्ये त्यांनी एच.एम.व्ही.साठी दहा रागांची ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. चित्रपटांत डिस्कोची लाट होती. त्याच ठेक्यावर चित्रपटगीताऐवजी राग वाजवावा आणि तबला पूर्णपणे वगळावा, अशी कल्पना आपल्याला सुचली, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. वापरलेली वाद्ये तीन होती. रोलँड कंपनीचा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर रागाची सुरावट वाजवतो. टी.आर.-८०८ हे तालयंत्र ठेका धरते. टी.बी.-३०३ हे चंदेरी रंगाचे छोटे यंत्र बेसची आवर्तने देते. हे शेवटचे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवले होते. त्या कामात ते अपयशी ठरले आणि काही वर्षांतच त्याचे उत्पादन थांबले.

टी.बी.-३०३ मध्ये स्वर आधी एक एक करून भरून ठेवायचे असतात आणि यंत्र ते पुनःपुन्हा वाजवते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात आहे. सिंग यांनी या घसरणीचा उपयोग मींडेसारखा केला आहे. पाश्चात्त्य डिस्कोत दर काही मात्रांनी स्वरसंघात बदलतो, तर रागसंगीतात षड्ज अढळ असतो. त्यामुळे या तबकडीत स्वरसंघात बदलत नाहीत आणि बेस एकाच आधारस्वराभोवती घुमत राहतो. तंबोऱ्याचे काम एका यंत्राकडे आणि तबल्याचे दुसऱ्याकडे सोपवल्यावर जे उरते, ते येथे ऐकू येते.

भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे तबकडीतील दहा राग आहेत. यांपैकी भूप, कलावती, मालकंस आणि बैरागी पाच स्वरांचे आहेत आणि मेघही बहुधा पाच स्वरांतच वाजवला जातो. मोजक्या स्वरांचे राग यंत्राच्या आवर्तनाशी सहज जुळतात, हे त्यामागचे कारण असू शकेल. रागसमयाचा क्रम पाळलेला नाही. प्रत्येक रचना सुमारे पाच मिनिटांची असल्याने विलंबित विस्ताराला वाव नाही. थोडी आलापी झाली की ठेका सुरू होतो. ललतमधील दोन मध्यमांची लगट किंवा तोडीच्या गांधाराचे आंदोलन कळफलकाच्या ठरावीक स्वरांत पूर्णपणे उतरत नाही, आणि रागदारीचा कान असलेल्या श्रोत्याला ही उणीव जाणवते. भैरव आणि कलावती मात्र या चौकटीत विलक्षण खुलतात.

तबकडीचा खप अत्यल्प झाला. २००२ मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीतील एका दुकानात तिची प्रत सापडली. त्यांनी सिंग यांचा मुंबईत शोध घेतला आणि २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या कंपनीतर्फे ती पुन्हा प्रसिद्ध केली. शिकागोतील अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताचा आरंभ ज्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' (१९८७) या ध्वनिमुद्रिकेपासून मानला जातो, तिच्यातही टी.बी.-३०३ आहे. सिंग यांची तबकडी तिच्यापूर्वी पाच वर्षांची. हे साम्य इतके चकित करणारे होते की हा सारा एखाद्या आधुनिक युरोपीय संगीतकाराने रचलेला बनाव असावा, अशी शंकाही काहींनी घेतली. तथापि सिंग यांना अ‍ॅसिड हाउसचे 'जनक' म्हणणे योग्य नाही, कारण शिकागोच्या संगीतकारांपर्यंत ही तबकडी पोहोचल्याचा पुरावा नाही. दोन ठिकाणी, दोन वेगळ्या गरजांतून, एकाच अपयशी यंत्राचा सारखा उपयोग झाला, एवढेच म्हणता येते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत सिंग यांनी परदेशांतील महोत्सवांत ही रचना प्रत्यक्ष वाजवली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

कॅसेट, मासिक आणि टपाल

१९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटमुळे ध्वनिमुद्रणाची मक्तेदारी मोडली. मराठीत त्याचा सर्वांत मोठा लाभ भीमगीते, लोकगीते आणि शाहिरी यांना झाला. रॉक संगीताच्या वाट्याला तुलनेने थोडे आले. मेटलचे श्रोते परदेशी अल्बम एकमेकांकडून कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेत. प्रतीची प्रत होताना आवाज खालावत जाई. ओळखीच्या कुणाचे नातेवाईक आखाती देशांतून किंवा अमेरिकेतून येणार असतील, तर त्यांच्याकडे अल्बमची यादी जात असे.

१९९३ मध्ये अलाहाबादहून अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक काढले. महाराष्ट्राबाहेरचे असूनही मुंबई-पुण्याच्या गटांना एकमेकांची आणि ईशान्य भारतातील गटांची माहिती झाली ती त्यातूनच. १९९७ पासून याच मासिकाने 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सव भरवला.

मुंबईत २००० मध्ये साहिल मखिजा यांनी डेमॉनिक रिझरेक्शन हा मेटल गट स्थापन केला. मोठ्या कंपन्या हे संगीत छापणार नाहीत हे उघड असल्याने त्यांनी स्वतःची कंपनी काढली, घरी ध्वनिमुद्रण केले आणि इतर गटांसाठीही मैफली भरवल्या. गटाचा २०१७ चा अल्बम 'दशावतार' विष्णूच्या अवतारांवर बेतलेला आहे. भयानक मौत आणि स्क्राइब हे गटही याच काळातील. स्क्राइबने हिंदी चित्रपटांतील खलनायकांची थट्टा आणि हार्डकोअर संगीत यांचे मिश्रण केले. 'ग्लोबल मेटल' (२००८) या कॅनडातील माहितीपटात मुंबईच्या या वर्तुळाचे चित्रण आहे.

पुणे आणि नवे महोत्सव

डिसेंबर २०१० मध्ये पुण्यातील कोरेगाव पार्क येथे 'एन.एच.७ वीकेंडर' हा तीन दिवसांचा महोत्सव सुरू झाला. 'ओन्ली मच लाउडर' या संस्थेचा हा उपक्रम होता. एकाच वेळी अनेक मंचांवर कार्यक्रम चालणे हे त्याचे वैशिष्ट्य. रंगभवनात प्रेक्षक एका जागी बसे आणि आयोजक ठरवील ते ऐके. येथे त्याला निवड करावी लागे, आणि एका मंचावरून दुसऱ्याकडे चालत जाताना वाटेतल्या लहान मंचावर अनोळखी गट कानावर पडे. अनेक श्रोत्यांना आपल्या आवडीचे गट अशा आडवाटेनेच भेटले. २०१५ मध्ये ए. आर. रहमान आणि २०१६ मध्ये ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन पुण्याच्या मंचावर आले. महोत्सव मोठा होत गेला तशी प्रायोजकांची आणि परिचित नावांची संख्या वाढली, आणि त्याला भूमिगत म्हणणे कठीण झाले.

लहान जागांपैकी मुंबईतील लोअर परळच्या मथुरादास मिल आवारातील 'ब्लू फ्रॉग' (२००७–२०१६) महत्त्वाचे होते. बंद पडलेल्या कापडगिरणीच्या आवारात उभे राहिलेले हे संगीतगृह मुंबईच्या बदलत्या अर्थकारणाचेही प्रतीक ठरले. शेवटी त्यालाही टिकता आले नाही. श्रोत्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून उभा राहिलेला 'कंट्रोल आल्ट डिलीट' हा महोत्सव म्हणजे प्रायोजकांशिवाय काम करण्याचा एक प्रयत्न होता.

मराठी आणि इतर भाषा

या संगीताची मुख्य भाषा दीर्घकाळ इंग्रजी होती. २०१० च्या दशकात हे चित्र बदलले. अभंगा रिपोस्ट या मुंबईच्या गटाने वारकरी संतांचे अभंग रॉक वाद्यमेळात गायला सुरुवात केली. २०१३ च्या सुमारास स्थापन झालेला स्वदेसी हा रॅप गट मराठी, हिंदी, गुजराती आदी भाषांत गातो. 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) या त्यांच्या रचनेत आरे वसाहतीतील आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न मांडला असून त्यात तेथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा सहभाग आहे. 'चेतावनी' हा गटाचा अल्बम २०२० मध्ये आला. गुजरातीत रॅप करणारे गटाचे सदस्य धर्मेश परमार ऊर्फ एम.सी. तोडफोड यांचे मार्च २०२२ मध्ये वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी निधन झाले.

पुण्यातील कबीर कला मंच (स्थापना २००२) हे शाहिरी आणि आंबेडकरी जलशाच्या परंपरेतील पथक असून वरील वर्तुळाशी त्याचा संबंध थोडा आहे. मात्र 'भूमिगत' हा शब्द त्याच्या बाबतीत शब्दशः खरा ठरला. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून २०११ मध्ये पथकातील कलावंतांवर गुन्हे दाखल झाल्यानंतर काही जण सुमारे दोन वर्षे अज्ञातवासात होते. एप्रिल २०१३ मध्ये त्यांपैकी दोघे मुंबईत विधानभवनासमोर हजर झाले. आरोप त्यांनी नाकारले आहेत. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटात पथकाची गाणी आहेत.

मोठ्या शहरांबाहेरील श्रोते

परभणी जिल्ह्यातील पिंगळीसारख्या गावापासून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. रंगभवनातील मैफल संपवून शेवटची लोकल पकडण्याची सोय तेथील विद्यार्थ्याला नव्हती. शिक्षणासाठी पुणे, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) किंवा मुंबई गाठल्यावर वसतिगृहातील मित्राच्या कॅसेटवरून या संगीताशी पहिली भेट होणे, हाच मराठवाड्यातील बहुतेकांचा मार्ग होता. गावात मैफल म्हणजे भजन, भारूड, वाघ्या-मुरळीचे जागरण आणि गोंधळ. गोंधळातील संबळाचा ठेका आणि तुणतुण्याची अखंड गुणगुण ज्याच्या कानात मुरली आहे, त्याला चरणजित सिंग यांच्या यंत्रांचे आवर्तन परके वाटण्याचे कारण नाही. अशा श्रोत्यापर्यंत ती तबकडी १९८२ मध्ये पोहोचली नाही, ही अडचण अभिरुचीची नव्हे तर वितरणाची होती.

२०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर अल्बम ऐकण्यापुरता हा फरक पुष्कळ कमी झाला. महोत्सवांच्या बाबतीत तो कायम आहे. तिकीट, रेल्वेभाडे आणि पुण्यातील मुक्काम हा खर्च ग्रामीण विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरच राहतो आणि मोठे महोत्सव मराठवाड्यात भरत नाहीत.

ध्वनिमुद्रणांची उपलब्धता

'टेन रागाज', 'ऑब्सेशन' आणि अमान्सिओ डिसिल्वा यांचे अल्बम आज ऐकायला मिळतात ते परदेशी संग्राहक व कंपन्यांनी केलेल्या प्रकाशनांमुळे. मूळ भारतीय तबकड्या जुन्या बाजारात क्वचित येतात आणि आल्यास चढ्या किमतीने परदेशी जातात. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे राहतात. त्यानुसार १९७० मध्ये प्रकाशित झालेली 'सिमला बीट ७०' २०३१ च्या प्रारंभी सार्वजनिक अधिकारक्षेत्रात येईल. चरणजित सिंग यांच्या तबकडीसाठी २०४० च्या दशकापर्यंत थांबावे लागेल. तोपर्यंत एखाद्या हौशी संग्राहकाने आपल्याजवळची दुर्मीळ प्रत परवानगीवाचून महाजालावर ठेवली, तर तो कायद्याचा भंग ठरतो, मग मूळ कंपनीने ती तबकडी पुन्हा काढलेली असो वा नसो.